रानवाटेची शर्यत, रात्रीचे जागरण आणि अर्धशक्ती
(ट्रेल रनसाठी येणाऱ्या आई-वडिलांचे परीक्षण : वैद्य व औषधी दुकानदारांसाठी एक अभ्यास)

प्रस्तावना

धावणे हा व्यायाम महाराष्ट्रात आता शहरापुरता राहिलेला नाही. सातारा येथे २०१२ साली डोंगरी अर्धमॅरेथॉन सुरू झाली. यवतेश्वरचा घाट चढून जाणारी ती धाव डांबरी रस्त्याची आहे. अलीकडे मात्र डांबर सोडून रानातील पायवाटेने, कारवीच्या झुडपांतून आणि जांभ्या दगडाच्या सड्यांवरून धावण्याकडे, म्हणजे ज्यास धावपटू ‘ट्रेल रन’ म्हणतात त्याकडे, ओढा वाढला आहे. अशा शर्यतींत भाग घेणाऱ्यांत घरी लहान मूल असलेले आई-वडील मोठ्या संख्येने दिसतात. वजन वाढलेले असते, दिवस कार्यालयात आणि रात्र पाळण्यापाशी जाते, आणि आठवड्यातून काही तास तरी स्वतःचे असावेत अशी स्वाभाविक इच्छा असते.

हे लोक आपल्या चिकित्सालयात तीन गोष्टींसाठी येतात. पहिली, शर्यतीस शरीर योग्य असल्याचा दाखला. दुसरी, ताकदीचे औषध. तिसरी, दुखऱ्या गुडघ्यांसाठी तेल. दुसरी व तिसरी गोष्ट औषधी दुकानातही थेट मागितली जाते. यांतील पहिल्या मागणीस आपण सर्वांत कमी वेळ देतो, असे आम्हांस वाटते. नाडी, रक्तदाब, छातीचे श्रवण आणि सही. वस्तुतः त्या सहीवर एका तान्ह्या मुलाच्या आईचे किंवा बापाचे आरोग्य अवलंबून असते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : अर्धशक्ती ही कालच्या धावण्याच्या वेळेवरून मोजावयाची नसून गेल्या रात्रीच्या झोपेनंतर जे बल उरले आहे त्यावरून मोजावयाची आहे. मूल लहान असलेल्या धावपटूच्या बाबतीत हा नियम विसरला, तर व्यायाम व्यायाम राहत नाही, तो साहस होतो.

रानवाटेचे श्रम निराळे

रस्त्यावर २१ किलोमीटर धावणारा मनुष्य रानवाटेवरही तितकेच सहज धावेल, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. रानवाटेच्या शर्यतींत श्रम मोजण्याची एक सोपी रीत जगभर वापरली जाते. एकूण अंतराच्या किलोमीटरमध्ये चढाच्या दर १०० मीटरमागे १ मिळवावयाचा. म्हणजे २१ किलोमीटर अंतर आणि एकूण १००० मीटर चढ असेल, तर श्रमाच्या हिशेबाने ती वाट ३१ किलोमीटरची होते. रुग्णाने “फक्त एकवीस आहे” असे म्हटले, की चढ किती हा प्रश्न वैद्याने लगेच विचारावा.

चढाने श्वास वाढतो. मांसाची झीज मात्र उताराने अधिक होते. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचित होऊन शरीराचा भार रोखतात. त्यामुळे उताराच्या धावेनंतर २४ ते ७२ तासांत दुखणे सर्वाधिक असते. रविवारी धावलेला बाप मंगळवारी मुलाला उचलून जिना उतरताना गुडघ्यात का लचकतो, याचे उत्तर येथे आहे. पावसाळ्यात शेवाळलेला जांभा, वर आलेली मुळे आणि धुक्यात न दिसणारी वाट यांमुळे घोटा मुरगळण्याचा संभव वाढतो. झोप अपुरी असेल तर पाय टाकण्याची सावधानता प्रथम कमी होते.

अर्धशक्तीचा अर्थ

व्यायामाने शरीरास लाघव येते, कामाचे सामर्थ्य वाढते, अग्नी प्रदीप्त होतो व मेद घटतो, हे आपल्या सर्व संहितांना मान्य आहे. मात्र बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या मनुष्यानेही तो शीत व वसंत ऋतूंत अर्ध्या शक्तीने करावा आणि इतर ऋतूंत त्याहूनही कमी करावा, अशी वाग्भटाची मर्यादा आहे. चरकाने वर्षाऋतूत व्यायाम वर्ज्यच सांगितला आहे. आपल्याकडील रानवाटेच्या अनेक धावा नेमक्या पावसाळ्यात होतात, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे. अग्नी व बल दोन्ही मंद असताना केलेली दीर्घ धाव हिवाळ्यातील तेवढ्याच धावेपेक्षा अधिक महाग पडते.

अर्धशक्तीचे लक्षण सुश्रुताने श्वासावरून सांगितले आहे : व्यायाम करताना वायू मुखावाटे येऊ लागला, की बलाचे अर्ध झाले असे समजावे. कपाळ, नाक, काखा व सांध्यांवर घाम आणि तोंडास कोरड, ही त्याची जोडलक्षणे होत. यांपैकी घामावर पावसाळ्यात विसंबू नये, असे आमचे मत आहे. हवेतील दमटपणामुळे घाम वाळत नाही, म्हणून अल्प श्रमानेही अंग निथळते. श्वासाचे लक्षण मात्र बाराही महिने उपयोगी पडते. रुग्णास सोप्या शब्दांत असे सांगावे : धावताना एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले, तर तुम्ही अर्धशक्तीच्या आत आहात. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर चाला.

शर्यत म्हटली की ही मर्यादा काही वेळ ओलांडली जाणार, हे मान्य करणे प्रामाणिकपणाचे होईल. म्हणून आम्ही भेद असा करतो : नित्याचा सराव अर्धशक्तीतच व्हावा. शर्यत हा वर्षातील एखाद-दुसरा अपवाद असावा. त्या अपवादासाठी बलाची शिल्लक आधीच साठवलेली असावी आणि नंतर तेवढीच विश्रांती मिळावी. ज्याच्याकडे शिल्लक नाही, त्यास अपवादाचा अधिकार नाही.

जागरण व व्यायाम एकाच पंक्तीत

वाग्भटाने साहस म्हणून जी कर्मे एकत्र गुंफली आहेत, त्यांत व्यायाम, जागरण आणि वाटचाल ही तिन्ही शेजारी आहेत. त्यांचा अतिरेक करणाऱ्यास त्याने हत्तीला ओढत नेणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. सिंह बलवान खरा, परंतु त्या ओढण्यातच त्याचा नाश होतो. मूल लहान असलेला धावपटू या तिन्ही गोष्टी एकाच चोवीस तासांत करतो. रात्री तीन वेळा उठणे, पहाटे चारला गाडी काढून डोंगराच्या पायथ्याशी जाणे, आणि मग तीन-चार तास चढउतार. यांतील प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर सह्य आहे. एकत्र आली तर ती बेरीज राहत नाही, गुणाकार होतो.

वाग्भटाने त्यावर उपायही दिला आहे. सवय नसता रात्री जागरण घडले, तर जेवढे जागरण झाले त्याच्या निम्मा काळ सकाळी, अन्न न घेता, झोपावे. ही सूचना पालकांसाठी फार मोलाची आहे. रात्री तीन तास जागणाऱ्या आईस सकाळी दीड तास निजू द्यावे आणि त्या दिवशीचे धावणे रद्द करावे, हे लेखी पथ्य म्हणून द्यावे. पथ्य कागदावर आले, की घरातील इतरांनाही ते पाळावेसे वाटते.

शोषाची चार कारणे आणि आजचे घर

चरकाने निदानस्थानात शोषाची चार आयतने सांगितली आहेत : साहस, संधारण, क्षय व विषमाशन. साहसाच्या वर्णनात, आपल्या बलाचा विचार न करता अतिदूरचे अंतर वेगाने तोडणे, हेही त्याने नोंदवले आहे. रानवाटेच्या शर्यतीचे याहून नेमके वर्णन करता येणार नाही. चारही कारणे आजच्या पालकाच्या घरात कशी भेटतात, ते पाहू.

साहस : आठवडाभर वेळ मिळत नाही, म्हणून सोमवार ते शनिवार शून्य आणि रविवारी एकदम २५ किलोमीटर. सवय बदलताना पादांश क्रमाने, म्हणजे चतुर्थांशाने पुढे जावे, असा चरकाचा दंडक आहे. तो मूलतः अहितकर सवय सोडून हितकर सवय धरण्यासंबंधी आहे, तथापि धावण्याची मात्रा वाढवितानाही तोच धरावा. आठवड्यातून चार दिवस प्रत्येकी ३० ते ४० मिनिटे, हे एका मोठ्या रविवारापेक्षा केव्हाही श्रेष्ठ.

संधारण : रानवाटेवर स्वच्छतागृह नसते. विशेषतः स्त्रिया पाणीच पीत नाहीत किंवा मूत्रवेग धरून ठेवतात. श्रमाने आलेला श्वास रोखणे हाही वेगरोधच होय. गुल्म व हृद्रोग ही त्याची फळे सांगितली आहेत. चढ संपल्यावर दम लपवून छायाचित्रासाठी छाती फुगवून उभे राहणे हेही त्यातच आले.

क्षय : प्रसूतीतील रक्तस्राव, आर्तव व स्तन्य यांवाटे धातूंचा व्यय चालू असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाहणीत भारतातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे. म्हणजे दाखल्यासाठी येणाऱ्या दोन स्त्रियांपैकी एकीत तो असू शकतो. हिमोग्लोबिन तपासल्याखेरीज मातेस दाखला देऊ नये.

विषमाशन : मुलाच्या ताटातील उरलेले दोन घास हेच आईचे जेवण, बापाचा रात्री अकराचा भात, आणि धावेच्या सकाळी काहीच नाही. अजीर्ण असता व्यायाम वर्ज्य आहे. उपाशीपोटी चार तास धावणे हेही तितकेच अयुक्त.

प्रसूतीनंतर धावणे केव्हा?

या प्रश्नावर समाजात दोन टोके दिसतात. एकीकडे आईने वर्षभर उंबरा ओलांडू नये असे मानणारे, तर दुसरीकडे परदेशी धावपटूंची उदाहरणे देणारे. त्या उदाहरणांचा आदर ठेवून त्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. जास्मिन पॅरिस या ब्रिटिश पशुवैद्यक महिलेने जानेवारी २०१९ मध्ये ब्रिटनमधील सुमारे ४३१ किलोमीटरची स्पाइन रेस ८३ तास १२ मिनिटांत, स्त्री-पुरुष सर्वांच्या पुढे राहून जिंकली. तेव्हा त्यांची मुलगी १४ महिन्यांची होती आणि वाटेतील विश्रांतिस्थानी त्या दूध काढून ठेवीत होत्या. मार्च २०२४ मध्ये, दोन मुलांची आई असता, अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या जंगलातील बार्कले मॅरेथॉन ६० तासांच्या मर्यादेत पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. मर्यादा संपण्यास ९९ सेकंद उरले होते. यावरून मातृत्वाने बल संपत नाही एवढे सिद्ध होते. मात्र त्या बलामागे मूल होण्यापूर्वीपासूनचा कित्येक वर्षांचा डोंगरी सराव होता. तो सात्म्य झालेला व्यायाम होता. उदाहरण त्या सरावाचे घ्यावे, आकड्यांचे नव्हे.

आपल्याकडे सूतिकाकाल दीड महिन्याचा, किंवा पुन्हा आर्तवदर्शन होईपर्यंतचा मानला आहे. तो संपला म्हणजे धावण्यास मोकळीक मिळाली, असे नाही. २०१९ साली ब्रिटनमधील भौतिकोपचार तज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार प्रसूतीनंतर तीन महिन्यांपूर्वी धावू नये, आणि तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान लक्षणे पाहून हळूहळू सुरुवात करावी. आमच्या मते दोन्ही विचार एकत्र असे मांडता येतात :

पहिले दीड महिने – सूतिकापरिचर्या, अभ्यंग, स्निग्ध व दीपन आहार, घरातल्या घरात चालणे.
दीड ते तीन महिने – सपाटीवर चालणे, श्वसनासह उदराचे व श्रोणितलाचे सौम्य व्यायाम.
तीन ते सहा महिने – भरभर ३० मिनिटे चालणे विनातक्रार जमल्यावर चालणे व धावणे आलटून पालटून, तेही सपाटीवर.
सहा महिन्यांनंतर – मऊ पायवाट व लहान चढ. उतार शेवटी.

शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असल्यास प्रत्येक टप्पा लांबवावा. धावताना मूत्र गळणे, योनिप्रदेशी जडपणा वा काही खाली उतरल्याची भावना, पोटाच्या मध्यरेषेत फुगवटा, रक्तस्राव पुन्हा सुरू होणे, यांपैकी एकही लक्षण असल्यास धावणे थांबवून स्त्रीरोगतज्ज्ञ व भौतिकोपचार तज्ज्ञांकडे पाठवावे. ही लक्षणे अपानाच्या विकृतीची निदर्शक आहेत. स्त्रिया ती आपणहून सांगत नाहीत. एकांतात, शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारावे लागते.

स्तन्याविषयी भीती मोठी असते. क्रोध, शोक व अवात्सल्य ही स्तन्यनाशाची कारणे सुश्रुताने सांगितली आहेत. बेताच्या व्यायामाने दूध किंवा मुलाची वाढ घटत नाही, असे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका नियंत्रित अभ्यासात दिसून आले आहे. दूध घटते ते आहार व पाणी अपुरे पडल्याने. स्तनपान देणाऱ्या मातेस रोज सुमारे ५०० ते ६०० किलोकॅलरी अधिक लागतात. धावण्याचा व्यय त्याहून वेगळा धरावा. निघण्यापूर्वी बाळास पाजावे म्हणजे स्तन जड राहत नाहीत. तीन-चार तासांहून लांब धावेत दूध साठून गाठ धरण्याचा संभव असतो. गाठ, लाली व ज्वर ही लक्षणे एकत्र आली तर स्तनविद्रधीचा विचार विलंब न लावता करावा. काढलेले दूध आपल्याकडील उष्ण हवेत बाहेर ठेवू नये. बर्फाच्या पेटीत ठेवून घरी पोहोचताच शीतकपाटात ठेवावे.

दोन कल्पित रुग्ण

परीक्षणाची दिशा स्पष्ट व्हावी म्हणून दोन कल्पित रुग्ण घेऊ. दोघांनाही १५ किलोमीटर अंतर व ६०० मीटर चढाच्या धावेसाठी दाखला हवा आहे.

पहिला पुरुष, वय ३४, मूल दोन वर्षांचे. प्रकृती वातपित्तप्रधान, रक्तदाब व हृदयगती उत्तम, पूर्वी अर्धमॅरेथॉन दोन तासांत पूर्ण. तीन महिन्यांपासून रात्री साडेचार-पाच तास झोप, तीही तुटक. सराव केवळ रविवारी. चिडचिड, मलावष्टंभ, सकाळी टाचा दुखणे. गुडघेदुखीसाठी दर रविवारी वेदनाशामक गोळी.

दुसरी स्त्री, वय ३१, प्रसूती होऊन दहा महिने झालेले, अंगावर पाजते. हिमोग्लोबिन १२.४. तिसऱ्या महिन्यापासून चालणे, पाचव्यापासून टप्प्याटप्प्याने धावणे, आठवड्यातून चार दिवस. अपानविकृतीचे लक्षण नाही. पहाटे दोननंतर मुलाला पती सांभाळतो, सकाळी सासूबाई. झोप एकूण सात तास.

केवळ नाडी, रक्तदाब व पूर्वीची धाव पाहिली, तर पुरुषास दाखला मिळेल व स्त्रीस नाकारला जाईल. बलपरीक्षा केली तर निर्णय उलटा येतो. स्त्रीला दाखला द्यावा. पुरुषाला दाखला न देता सहा आठवड्यांचे पथ्य द्यावे : रविवारची लांब धाव बंद, रोज अर्धा तास चालणे, रात्री पादाभ्यंग, कोष्ठशुद्धीकडे लक्ष आणि आठवड्यातील तीन रात्री अखंड झोप. या तीन रात्रींसाठी पत्नीशी वाटणी करावी लागेल आणि उरलेल्या चार रात्री तिच्या असतील. चिकित्सा एकाची असली तरी पथ्य घराचे आहे. ‘दोघेही धावणार असाल तर एकाच दिवशी धावू नका’ ही सूचना अनेक चूर्णांपेक्षा अधिक गुणकारी ठरते.

दाखल्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. गेल्या पंधरा दिवसांत सलग सहा तास झोप किती रात्री मिळाली?
२. अंतरासोबत एकूण चढ किती? त्या चढाचा सराव केला आहे काय?
३. गेल्या चार आठवड्यांत आठवड्यातून किती दिवस धावलात?
४. श्रमाने छातीत दुखणे, भोवळ, हृदयात धडधड, किंवा कुटुंबात तरुण वयात अचानक मृत्यू?
५. ज्वर, अतिसार, कास गेल्या आठवड्यात? मुलाकडून आलेला सर्दी-ताप?
६. कोणती औषधे, कोणत्या पद्धतीची, नियमित वा धावेच्या दिवशी?
७. प्रसूती, आर्तव, स्तनपान व अपानासंबंधी लक्षणे?
८. शर्यतीच्या दिवशी व दुसऱ्या दिवशी मूल कोण सांभाळणार?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असल्यास हृद्रोगतज्ज्ञांच्या तपासणीखेरीज सही करू नये. पाचव्याचे असल्यास शर्यत सोडावयास सांगावे. ज्वर असता धावणे हृदयास अपायकारक ठरू शकते. आठवा प्रश्न वैद्यकीय नाही असे वाटेल, परंतु शर्यतीनंतरची विश्रांती त्यावरच ठरते.

आहार व उपक्रम

चरकाच्या श्रमहर महाकषायात द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गु, परूषक, इक्षु, यव व षष्टिक ही दहा द्रव्ये आहेत. मनुका, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, अंजीर, फालसा, ऊस, जव आणि साठेसाळीचा भात हे सर्व पदार्थ आजही बाजारात मिळतात. दीर्घ धावेत ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असे आधुनिक क्रीडाशास्त्र सांगते. पाच-सहा मध्यम खजुरांत सुमारे ३० ग्रॅम असतात. परदेशी बनावटीच्या चिकट पुड्यांनी ज्यांचे पोट बिघडते, त्यांनी हे द्रव्य सरावात वापरून पाहावे. शर्यतीच्या दिवशी नवे काहीही खाऊ नये.

आदल्या रात्री हलके, ताजे व स्निग्ध अन्न आणि सकाळी दोन-अडीच तास आधी तूप घातलेली पेज किंवा मऊ भात. धावेनंतर दम पूर्ण शमल्यावर कोमट पाण्याने स्नान, मग द्रव आहार. अभ्यंग त्या दिवशी सायंकाळी, हलक्या हाताने. बला तेल, सहचर तेल किंवा साधे तीळतेल पुरेसे आहे. सुजलेल्या किंवा मुरगळलेल्या सांध्यावर पहिले दोन दिवस मर्दन व स्वेदन करू नये. पुढील तीन-चार दिवस केवळ चालणे.

औषधी दुकानदार बंधूंसाठी

वेदनाशामके : धावेपूर्वी आयबुप्रोफेन वा डायक्लोफिनॅक घेण्याची प्रथा घातक आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंपैकी आयबुप्रोफेन घेणाऱ्या सुमारे ५२ टक्क्यांत, तर न घेणाऱ्या सुमारे ३४ टक्क्यांत वृक्कास तीव्र इजा झाल्याची चिन्हे आढळली. ‘उद्या डोंगरावर धाव आहे’ असे ग्राहक म्हणाला, तर गोळी न देणे हीच सेवा.

जलसंजीवनी : जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचेच पाकीट द्यावे व ते पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवावयास सांगावे. सूत्राशी न जुळणाऱ्या गोड पेयांच्या वेष्टनावर ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये मनाई केली आहे. जुना साठा तपासावा.

अश्वगंधा : गर्भिणीस देऊ नये. अंगावर पाजणारी माता, अवटुग्रंथीची किंवा झोपेची औषधे घेणारे रुग्ण यांना वैद्यांच्या सल्ल्याविना देऊ नये.

यष्टिमधु : दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. घाम व अतिसार होत असता हे विशेष जपावे.

आसव-अरिष्टे : त्यांत स्वयंजनित मद्यार्क असतो. शर्यतीच्या सकाळी दशमूलारिष्टासारखे कल्प घेऊ नयेत.

सुटी ‘शक्तिवर्धक’ चूर्णे : परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व मुदत नसलेले कोणतेही चूर्ण वा शिलाजित विकू नये. चमत्कारिक गुण देणाऱ्या सुट्या चूर्णांत स्टिरॉइडची भेसळ असू शकते. २०२२ पासून देशात उत्तेजक द्रव्यविरोधी कायदाही आहे. स्पर्धक खेळाडूच्या बाबतीत जबाबदारी त्याच्यापुरती राहत नाही.

रानातील आपत्ती

उष्माघात : शरीराचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर आणि सोबत भ्रम, असंबद्ध बोलणे वा बेशुद्धी. आधी थंड पाणी व बर्फाने शरीर थंड करावे, त्याच वेळी १०८ क्रमांकास बोलवावे. दमट पावसाळी हवेतही हे घडते.

जलाधिक्य : तहान नसता सारखे पाणी पीत राहिल्याने रक्तातील सोडियम घटते. डोकेदुखी, उलटी, भ्रम, बोटांची सूज. अशा वेळी आणखी पाणी पाजणे अनर्थकारक. तहानेनुसार पिणे हाच सुरक्षित नियम.

गडद चहासारखे मूत्र : स्नायूंची तीव्र झीज होऊन वृक्कावर भार आल्याचे हे चिन्ह होय. तेल-काढ्यात वेळ न घालविता रुग्णालयात पाठवावे.

सर्पदंश : फुरसे, घोणस, नाग व मण्यार हे चार विषारी सर्प आपल्या भागात महत्त्वाचे. संहितांत अरिष्टाबंधन व छेदन सांगितले आहे. प्रतिविष उपलब्ध असलेल्या आजच्या काळात मात्र आवळून बांधणे, चिरा देणे व चोखणे टाळावे. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णास न चालविता रुग्णालयात न्यावे.

गोचीड : सिंधुदुर्ग जिल्ह्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. उन्हाळ्याच्या आगेमागे दक्षिण कोकणातील रानात धावून आलेल्या रुग्णास ज्वर आल्यास गोचीड चावल्याची विचारणा करावी. घरी जाऊन मुलाला जवळ घेण्यापूर्वी कपडे बदलणे व अंग तपासणे हे प्रत्येकाने करावे.

मुलांनी धावावे काय?

आई-वडील धावतात म्हणून मुलांसाठीही छोट्या धावा ठेवल्या जातात. बाल, वृद्ध व अजीर्णी यांना वाग्भटाने श्रमाचा व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. याचा अर्थ मुलांनी खेळू नये असा नाही. मूल थकले की आपणहून बसते, ही त्याची अर्धशक्ती. ‘ऊठ, अजून थोडेच राहिले’ म्हणून मोठ्यांनी ती मोडू नये. रानवाट मुलास दाखवावी ती चालत, थांबत, झाडांची नावे सांगत. पाठीवर वा झोळीत तान्हे मूल घेऊन धावणे मात्र कोणत्याही कारणाने करू देऊ नये. पडल्यास दोघांनाही इजा होते.

उपसंहार

रानवाटेची धाव ही आई-वडिलांसाठी निषिद्ध नाही. मोकळी हवा, चढाचा श्रम आणि काही काळ लाभणारे एकटेपण यांचे मोल आम्ही जाणतो. निरोगी व प्रसन्न पालक हा मुलाच्या स्वास्थ्याचाही आधार असतो. परंतु त्याच पालकाचे बल रोज रात्री थोडे थोडे खर्च होत असते, आणि ती नोंद मनगटावरील घड्याळात सापडत नाही. ती वैद्याच्या प्रश्नांतून समोर येते.

यास्तव वैद्यबंधू-भगिनींना विनंती अशी, की ट्रेल रनच्या दाखल्यासाठी येणाऱ्या पालकाची नाडी हाती घेताना पहिला प्रश्न ‘किती धावता?’ हा न विचारता ‘रात्री किती निजता?’ हा विचारावा. औषधी दुकानदार बंधूंनी ताकदीचे चूर्ण मागणाऱ्यासही तोच प्रश्न विचारावा. उत्तर समाधानकारक असेल तर सही आनंदाने करावी. नसेल तर सही राखून ठेवावी आणि झोपेचे पथ्य लिहून द्यावे. शर्यत पुढील वर्षीही असेल, मुलाला मात्र आई-बाप उद्या सकाळीच धडधाकट हवे आहेत.